वासाचा रकाना

“आहे?” सरांनी विचारलं.

तात्यांनी उत्तराची घाई केली नाही. वास घेणं म्हणजे काही तपकीर ओढणं नव्हे. त्यांनी हूडची, म्हणजे घाण वायू वर ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच वीतभर वर केली. आतल्या बाटलीचं झाकण किलकिलं केलं, तळहाताने तिच्या तोंडावरचा वारा हळूच नाकाकडे लोटला आणि डोळे मिटले. मागे उभी असलेली डॉक्टर श्वास रोखून थांबली.

“आहे,” तात्या म्हणाले.

“हो हो, आहे की!” सर लगेच म्हणाले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. “चांगलाच आहे.”

तात्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. तारीख, वेळ, द्रावण आणि शेवटचा रकाना, वास. त्या रकान्यात त्यांनी टपोऱ्या अक्षरात ‘आहे’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

खरी गोष्ट अशी, की तात्यांना वास आला नव्हता. कणभरही नाही. बाटलीत कुजकी अंडी होती की गुलाबपाणी, हे त्यांना गेल्या अकरा महिन्यांत सांगता आलं नसतं.

आणि माणसाचं सगळं नावच ज्या अवयवावर उभं, तोच अवयव राजीनामा देऊन बसला तर त्याने सांगायचं कोणाला? प्रयोगशाळेत त्यांना नाकतात्या म्हणत. तोंडावर तात्या, पाठीमागे नाकतात्या, आणि पाठीमागचं नाव त्यांना जास्त आवडायचं. एकतीस वर्षं ते इथे मदतनीस होते आणि त्यांच्या नाकाच्या कथा त्यांच्याहून जास्त फिरलेल्या होत्या. एकदा म्हणे वरच्या मजल्यावर एका बाटलीचं बूच गळत होतं, तेव्हा तात्या समोरच्या रस्त्यावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, रस्ता ओलांडला आणि इमारत रिकामी करायला लावली. पुढे सांगणाऱ्यांनी तो रस्ता रुंद करत करत नदीएवढा केला. तात्यांनीही तो कधी मोजून दुरुस्त केला नाही. दुसऱ्या वेळी सरांनी बंद डब्यातली अत्तराची कुपी पुढे धरून “ओळखा” म्हटलं, तर तात्या म्हणाले होते, “अत्तर काय ते उघडल्यावर सांगतो. पण विकणाऱ्याने लसूण खाल्ला होता.”

निवृत्तीचं वय होऊन तीन वर्षं झाली तरी सर दर वर्षी त्यांची मुदत वाढवून घेत. वरच्या कचेरीत विचारणा झाली की एकच उत्तर, “यंत्रं आणता येतील हो. असं नाक कुठून आणू?”

मग गेल्या वर्षी एक साधी सर्दी झाली. आठवड्याने सर्दी गेली, आणि जाताना वासाला बरोबर घेऊन गेली.

सुरुवातीला तात्यांना वाटलं, येईल परत. रकान्यात ‘आहे’ लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही, कारण हिशेब सरळ होता. बाटलीत सल्फाइड आहे, सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो, म्हणजे वास आहे. आपल्याला आला नाही हा आपला खाजगी मामला. यात खोटं कुठे आहे? असं सहा-सात वेळा स्वतःला विचारल्यावर खोटंसुद्धा कंटाळून खरं होतं.

आणि गंमत अशी, की तात्यांनी ‘आहे’ म्हटलं की मागे उभ्या असलेल्यांना तो येऊ लागायचा. सरांना तर हटकून यायचा.

*

“चला, अंधार बघायला,” डॉक्टर म्हणाली.

ती अजून डॉक्टर झाली नव्हती, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. चार वर्षांपूर्वी खांद्याला पिशवी लटकवून ती दारात उभी राहिली, तेव्हापासून तात्या तिला डॉक्टर म्हणत. “अजून नाही हो, तात्या,” असं ती पहिली दोन वर्षं म्हणायची. नंतर सोडून दिलं.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला काळे पडदे होते. आत तात्यांची भूमिका म्हणजे ट्रे धरून उभं राहायचं आणि काही सांडायचं नाही. डॉक्टरने काचेची बशी जागेवर ठेवली. तिच्यात रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी होत्या, जिवंत, तात्यांनीच आठवडाभर ऊब देऊन, खाऊ घालून वाढवलेल्या.

“आता द्रावण सोडते,” ती सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

पडदा काळा होता. तो काळाच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

तिचं सगळं काम या काळ्याला हिरवं करण्याचं होतं. तिने एकदा तात्यांना समजावून सांगितलं होतं, तेही बिस्किट चहात बुडवता बुडवता. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि काही निरोप चक्क वायूचे असतात. हाच आपला कुजक्या अंड्यांचा वायू, खोलीभर झाला तर माणूस आडवा करतो. पण पेशीच्या आत कणभर असला तर नसेला सांगतो, सैल हो, रक्त जाऊ दे. एवढ्या इवल्या वायूला बघायचं कसं? म्हणून तिने एक रंग बनवला होता. तोंडावर पट्टी बांधलेला रंग. पेशीत शिरून तो गप्प बसून राहतो. तो वायू भेटला की त्याची पट्टी सुटते, आणि निळा प्रकाश टाकला की तो हिरवा उजळतो.

“म्हणजे पेशीच्या आत नाक बसवलंस म्हण की!” तात्या म्हणाले होते.

“अगदी तसंच. नाकतात्या, पण डोळ्यांना दिसणारे.”

“मग आमचं काय?”

“तुम्ही आहातच की. बाहेरचं नाक तुमचं, आतलं माझं.”

मागच्या वर्षी नळीतल्या नळीत तिचा रंग असा काही उजळला होता की सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. नंतर तो पेशीत शिरावा म्हणून त्याला जरा बदलून घेण्यात तीन महिने गेले. आणि पेशींची वेळ आली तेव्हा अंधार. स्वतःचा वायू पेशी फार थोडा करतात, म्हणून आधी बाहेरून द्रावणाने वायू द्यायचा आणि रंग उजळतो याची खात्री करायची, एवढी साधी पहिली पायरी. त्या पायरीवर ती दोन महिने उभी होती. तिने रंग तीनदा पहिल्यापासून बनवला. पेशी बदलल्या. दिवा बदलला. शेवटी पुन्हा नळीत करून पाहिलं, तर नळीही काळी.

तिने दिवा मालवला. “चौरेचाळीस,” ती म्हणाली. “एवढ्या बश्या झाल्या, तात्या.”

पडद्याबाहेर सर उभे होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मलेला होता.

“शुक्रवारी बसू,” ते म्हणाले. “चार वर्षं झाली. रंग टिकत नाही, हे मान्य करावं लागेल. दुसरा विषय घे. नव्याने सुरू कर.”

“नव्याने म्हणजे पुन्हा चार वर्षं, सर.”

“मग काय करायचं? सगळं तपासलंस ना?”

“सगळं.”

“सल्फाइडची बाटली?”

“ती रोज तात्या बघतात,” डॉक्टर म्हणाली. “त्या एका गोष्टीची मला काळजीच नाही.”

तात्यांनी हातातला ट्रे मध्येच टेबलावर ठेवून दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

*

घरी तात्यांची बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तात्या गॅसजवळच्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. शेगडीवर दूध होतं. ते उतू गेलं, खाली पडलं, करपलं आणि पातेल्याच्या बुडाला काळं झालं. तात्यांनी पान उलटलं.

बायकोने उठून गॅस बंद केला. मग ती त्यांच्यासमोर आली आणि तिने अंगठा आणि बोट यांच्यात त्यांचं नाक पकडून दाबलं.

“अगं! काय करतेस?”

“नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. उघडा.”

“सोड की!”

“उघडा म्हणते ना. किती महिने झाले?”

तात्या गप्प राहिले. पण श्वास तर घ्यावाच लागतो. “अकरा,” ते तोंडाने म्हणाले.

तिने नाक सोडलं. “मला नऊ वाटत होते. म्हणजे पहिले दोन महिने मलासुद्धा फसवलंत.”

“तुला माहीत होतं?”

“अहो, गेल्या महिन्यात मी तुम्हाला मुद्दाम करपलेल्या दुधाची कॉफी दिली. पिऊन ‘वा’ म्हणालात. तीस वर्षांत कधी ‘वा’ म्हणाला नव्हतात. वाईट वाटलं हो मला.” ती पातेलं घासायला बसली. “सांगायची वाट बघत होते. आता सांगा, आजच तोंड का उतरलंय?”

मग तात्यांनी सांगितलं. बाटली, रकाना, चौरेचाळीस बश्या, शुक्रवार. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की गोष्ट फार लहान आहे. दोन अक्षरांचा शब्द, ‘आहे’, अकरा महिने रोज लिहिला, एवढीच.

“पण बाटली चांगली असेलही,” शेवटी ते म्हणाले. “दोष रंगाचाच असेल.”

“असेल. मग बघा की.”

“कशाने बघू? बघायचं ते याच्यावर होतं.” त्यांनी लाल झालेल्या नाकाला हात लावला.

ती घासायची थांबली. हातातलं पातेलं पालथं घालून म्हणाली, “आपली मुलगी लहान असताना तिला अंडं भरवायचे त्या चांदीच्या चमच्याने. आठवतं? दर खेपेला काळा पडायचा. तुम्हीच सांगितलं होतंत, अंड्यातला तोच वायू चांदीला लागतो म्हणून. मी म्हटलं, लागू दे, पण मग तुम्ही घासा. एकदाही घासला नाहीत.”

तात्या उठले आणि त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. चमचा एका जुन्या बाळमोज्यात गुंडाळून ठेवलेला होता. करंगळीएवढा, दांड्यावर दातांच्या खुणा.

“नाकाची जागा चमच्याने घ्यावी,” ते म्हणाले. “काय दिवस आले.”

“कचेरीत चमच्यांचंच चालतं म्हणता ना नेहमी? न्या मग एक.”

*

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली. तात्यांनी हूडसमोर उभं राहून हातमोजे घातले. सकाळीच डॉक्टरने ताजं द्रावण केलं होतं, त्यांनीच सही केलेलं. त्यांनी त्यातला एक थेंब चमच्याच्या वाटीत सोडला.

एक मिनिट. तीन मिनिटं. चांदीने रागावून काळं व्हायला हवं होतं. चमचा पांढराशुभ्र, आणि त्यात त्यांचं नाक मात्र उलटं आणि मोठं दिसत होतं. पंधरा मिनिटं झाली. त्यांनी थेंब पुसला. खाली डागसुद्धा नव्हता.

मग, ज्यातून रोज द्रावण करायचे त्या मूळ क्षाराची बाटली त्यांनी हातात घेऊन फिरवली. झाकणाला तडा होता, केसासारखा. तेवढ्यातून हवा आणि दमट ओल आत जात राहिली होती आणि सल्फाइडचं कधीच दुसरं काहीतरी होऊन बसलं होतं. पूर्वी असं झालं असतं तर नाकतात्यांनी ते जिन्यावरून सांगितलं असतं. ‘पोरांनो, बाटली मेली,’ म्हटलं असतं.

मागच्या पानांवर त्यांच्याच अक्षरात ओळीने लिहिलेलं होतं : आहे, आहे, आहे. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वास फिरला आणि घर तसंच उभं होतं, कोणाला पत्ता नाही.

आता सोपा रस्ता होता, आणि तो तात्यांच्या डोक्यात आला नाही असं नाही. क्षाराची नवी सीलबंद बाटली सामानाच्या खोलीत होती. गुपचूप बदलायची, सही करायची. उद्या सकाळी रंग उजळेल, सगळे म्हणतील चमत्कार. मुदतवाढही होईल. नाक शाबूत.

त्यांनी सामानाच्या खोलीतून नवी बाटली आणली आणि जुनीच्या शेजारी ठेवली. चौरेचाळीस बश्या. त्या पोरीने रंग तीनदा बनवला होता, तीनदा, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताला दोष दिला होता. ती आयुष्यभर तो दोष बरोबर नेणार. ‘त्या दोन महिन्यांत माझं काय चुकत होतं कोण जाणे’ असं म्हणत राहणार.

डॉक्टर जेवून परत आली तेव्हा दोन्ही बाटल्या आणि चमचा टेबलावर ओळीने मांडलेले होते.

“हे काय, तात्या? भातुकली?”

“बस,” तात्या म्हणाले. “नाही, उभीच राहा. बसलीस तर मला बोलवणार नाही.”

आणि त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांत त्यांनी एवढ्या कमी शब्दांत काही सांगितलं नव्हतं. सर्दी, वास गेला, मी लिहीत राहिलो, बाटली मेलेली आहे.

डॉक्टर हसली. मग तिला कळलं की ते चेष्टा करत नाहीत.

“दोन महिने?” ती म्हणाली.

“हो.”

“मी रात्री झोपत नव्हते, तात्या. माझ्या आईने विचारलं, तुला हे जमत नाहीये का गं? मी तिला हो म्हटलं.” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. “आणि तुम्ही रोज समोर ट्रे धरून उभे.”

तात्यांनी मान खाली घातली. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. आता नाकासमोर फक्त स्वतःच्या चपला दिसत होत्या.

ती बाहेर निघून गेली. दार आपटलं नाही. जिन्यावर तिची पावलं खाली गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली. तिचा चेहरा धुतलेला होता.

“हातमोजे घाला,” ती म्हणाली. “नवी बाटली फोडा. तो चमचा इकडे द्या.”

नव्या द्रावणाचा थेंब चमच्यात पडला. आधी पिवळट कड आली, मग तपकिरी, आणि बघता बघता वाटीचा तळ काजळ घातल्यासारखा झाला.

*

शुक्रवारी सर आले ते घड्याळ बघतच. तात्या त्यांना दारातच भेटले.

“बसण्याआधी एक सांगायचंय. मला वर्षभर वास येत नाही, सर.”

“कसला?”

“कसलाच.”

सर हसले. मग थांबले. “पण परवा तर... मला आला होता. चांगलाच आला होता.”

“तुम्हाला माझ्या ‘आहे’चा आला होता, सर. बाटलीचा नाही.”

सरांनी रुमाल बाहेर काढला, कशासाठी ते त्यांनाच आठवेना, परत खिशात ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. तेवढ्यात काळ्या पडद्यामागून डॉक्टरची हाक आली.

“तात्या! या. सर, तुम्ही पण.”

आत अंधार होता, नेहमीसारखा. तिने नवं द्रावण बशीत सोडलं. पडदा काळा होता. मग एका कोपऱ्यात काहीतरी हललं असं वाटलं. हललं नव्हतं, उजळलं होतं. एक पेशी, मग तिच्या शेजारची, मग एकदम दहा-बारा, आतून हिरव्या, मध्ये केंद्रकाची सावली आणि भोवती बारीक ठिपके, जसं दूरच्या गावात संध्याकाळी घरोघर दिवे लागावेत.

सर पुटपुटले, “शिरलाय. टिकलाय.” मग मोठ्याने, “टिकलाय गं!”

डॉक्टरने पडद्यावरून नजर काढली नाही. “तात्या, दिसतंय का?”

तात्या वाकले. सवयीने त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, त्यांनी हलकेच श्वास आत ओढला. काहीच आलं नाही. पण आयुष्यभर जो वायू त्यांनी डोळे मिटून ओळखला होता, तो समोर उघड्या डोळ्यांना दिसत होता.

“आहे,” ते म्हणाले.

या वेळी सर काही म्हणाले नाहीत.

*

मुदत महिनाअखेर संपत होती आणि या खेपेस ती वाढवू नका, असं तात्यांनी स्वतःच लिहून दिलं. सर दोनदा ‘अहो, बघू’ म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. शेवटच्या दिवशी तात्यांनी रजिस्टरच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर पट्टी धरली आणि ‘वास’ या शब्दावर प्रत्येक पानावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘चमचा’. हूडच्या कडेला खिळ्याला डॉक्टरने एक दोरा बांधला होता. त्याला चमचा टांगला.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. राग पूर्ण गेला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

“प्रबंधात आभाराचं एक पान असतं,” ती म्हणाली. “तुमचं नाव घालणार आहे. आणि काय काय चुकलं त्या प्रकरणातही घालणार आहे. दोन्हीकडे.”

“घाल,” तात्या म्हणाले. “तिथे नाकतात्या असंच लिही, डॉक्टर. नाहीतर कोणाला कळणार नाही कोण ते.”

“अजून नाही हो, तात्या,” ती म्हणाली. खूप दिवसांनी म्हणाली.

घरी बायकोने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आत हात घालून चाचपलं. हातमोज्यांची एक जोडी, चहाचा कप, रिकामा बाळमोजा.

“चमचा कुठाय?”

“त्याला नोकरी लागली.”

“आणि तुम्ही?”

तिने उत्तराची वाट बघितली नाही. शेगडीवर दूध चढवलं, गॅस बारीक केला आणि स्टूल जवळ ओढून त्यावर टिचकी मारली.

“बसा इथे. वाचायचं नाही. नुसतं बघायचं.”

तात्या बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. दुधावर हळूहळू साय धरली, कडेने एक बारीक सुरकुती पडली, आणि ते त्या सुरकुतीकडे डोळे लावून बसून राहिले.